सात-सोळाचा पाना

९ ऑक्टोबर १९९७, गुरुवार

थोरलीची शंभर तासांची तपासणी एकदाची उरकली. तीन दिवस शेपटीत डोकं घालून पडलो होतो. शोभा म्हणते, अंगाला पेट्रोलचा वास येतो, पोरगी जवळ यायला बघत नाही.

आमचा विमानतळ म्हणजे एक धावपट्टी, एक हँगर, भोवती बाभळी आणि शिकाऊ पोरांची दोन विमानं. विमानांना इंग्रजी अक्षरांची नावं आहेत, पण माझ्या जिभेवर ती बसत नाहीत. जुनं आहे ती थोरली, दुसरी धाकटी.

थोरलीची शेपटीकडची केबल सैल पडली होती. वैमानिकानं दांडी ओढली की ही केबल ताणते आणि नाक वर जातं. म्हणजे बसणाऱ्याचा जीव या केबलीला टांगलेला. ताण आवळून दिला. शेवटच्या कप्प्यात हात कोपरापर्यंतच जातो, पुढं बोटांनी चाचपायचं. कोपराची साल निघाली.

दातेसाहेब (यापुढे दा.सा., वहीत जागा कमी) पुण्याहून आले, टॉर्च मारून बघितलं, सही केली. सही त्यांची, कारण लायसन त्यांचं. माझं जानेवारीत. पेपर सुटले तर, आणि दा.सां.नी शिफारस दिली तर.

पोरांना उडायला शिकवणाऱ्या कॅप्टनसाहेबांची घाई. "दत्ता, उद्या पूजा आहे, हँगर आरशासारखा दिसला पाहिजे." पत्रा लावला, स्क्रू आवळले, झाडू घेतला. हत्यारं फळीवर लावून मोजायची राहिली. उद्या पूजेला सगळी काढायचीच आहेत. तेव्हाच मोजीन म्हटलं आणि ट्रंकेत टाकली.

१० ऑक्टोबर, खंडेनवमी

सतरंजीवर हत्यारं मांडली. मोठ्यापासून धाकट्यापर्यंत, फोटोला बसवल्यासारखी. हळद, कुंकू, झेंडू. दोन्ही विमानांच्या पंख्यांना हार. कॅप्टन हवाई दलातून निवृत्त झालेला शिस्तीचा गडी, पण त्यांनीही आपले हेडफोन आणून हळूच कडेला ठेवले. चहावाल्या काकांनी स्टोव्हची पिन ठेवली. टँकरवाला पोपटराव तर जॅकच्या दांड्यापासून सगळं बिऱ्हाड घेऊन आला. "इमान काय आन टँकर काय, लोखंडाचा द्येव येकच." ज्याला जिथं जागा मिळाली तिथं त्यानं ठेवलं.

मनीषा आली होती. इंदापूरची, वडील तहसील कचेरीत कारकून. शिकणाऱ्यांत मुलगी ही एकच. त्यांच्या घरी पूजाअर्चा करत नाहीत, ती दारात उभी राहून बघत होती. प्रसादाला मात्र पहिली. पेढे चार.

आज हत्याराला हात लावायचा नाही. नेमकी कॅप्टनसाहेबांची जीप पंक्चर झाली. "नॉनसेन्स आहे हे सगळं," म्हणाले, पण पाना कोणी उचलला नाही, त्यांनीही नाही. पोपटराव म्हणाला, "सायेब, द्येव बसल्यात. आपुन ढकलू." चौघांनी जीप गेटपर्यंत ढकलली. मी हसून हसून मेलो.

११ ऑक्टोबर, दसरा

हत्यारं फळीवर लावली. ही फळी माझी. प्रत्येक हत्याराची काळ्या रंगात सावली काढली आहे, म्हणजे जागा रिकामी असली की लांबूनच दिसावी. दा.सा. पुण्यात चार लोकांना सांगतात, बारामतीची फळी बघून या. मला ते कोणी सांगितलं की दोन दिवस पाय जमिनीवर नसतात.

सगळ्या सावल्या भरल्या. शेचाळीस. रजिस्टरात ४६/४६, सही. हळदकुंकू पुसलं नाही, सणाचं पुसू नये.

मनीषा सकाळी घरच्यांबरोबर विहारात वंदना करून दुपारच्या एसटीनं आली. कॅप्टनबरोबर थोरलीत चाळीस मिनिटं. उतरल्यावर मला आपट्याची पानं दिली. म्हणाली, "दादा, सोन्यासारखं विमान आहे तुमचं." सोन्यासारखं! खोकतं म्हातारीसारखं. पण बरं वाटलं.

१३ ऑक्टोबर, सोमवार

धाकटीच्या वेग मोजायच्या नळीत कुंभारणीनं मातीचं घर बांधायला घेतलं होतं. दोन दिवसांत! नळी बुजली तर आत काटा हलत नाही, वैमानिकाला आपण पळतोय की उभे आहोत कळत नाही. सकाळी फडकं काढताना दिसलं म्हणून बरं. कॅप्टन म्हणाले, "दत्ताच्या नजरेतून माशी सुटत नाही." माशी नाही, कुंभारीण. असो.

पोपटराव आला. "माजा अकराचा पाना गावंना. पूजेपासनं बघतोय." मी म्हटलं, "पोपटराव, पाना सोडा, टँकर कुठं लावलाय ते तरी आठवतंय का?" सगळे हसले. तो पण हसला बिचारा.

१५ ऑक्टोबर, बुधवार

मनीषा थोरलीत एकटी दोनदा जाऊन आली. उतरणं कॅप्टनसारखं, चाक टेकलेलं कळत नाही. शनिवारी तिचं लांबचं उड्डाण, एकटीनं. इथून इंदापूर, मग उजनीच्या पाण्यावरून वळसा, परत. महिनाअखेरीस दिल्लीचे परीक्षक येणार, त्याआधी हे तास भरलेच पाहिजेत. नाहीतर पुढची पाळी उन्हाळ्यात.

वडिलांनी सगळ्या कचेरीला सांगितलंय म्हणे. शनिवारी गच्चीवर माणसं उभी राहणार, पांढरी चादर हलवणार.

उतरल्यावर ती जरा वेळ शेपटीजवळ उभी होती. "काय गं?" म्हटलं. "काही नाही दादा, चहा घेऊ."

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

आजचं लिहिलं पाहिजे.

धाकटीचा कार्ब्युरेटर काढत होतो. फळीवरचा सात-सोळाचा पाना घेतला. नटवर बसेना. दाबून बसवावा लागला. माझा पाना असा कधी बसत नाही, तो लोण्यात सुरी जावी तसा जातो. दांड्यावर कुंकू वाळून बसलं होतं. अंगठ्यानं घासलं. खाली आकडा ११.

पोपटरावाचा पाना. लांबी तीच, जाडी तीच. माझा सात सोळांश इंचाचा, त्याचा अकरा मिलिमीटरचा, फरक केसाएवढा. पूजेत कडेला पडला असेल, मी उचलून सावलीत अडकवला आणि शेचाळीस भरले.

मग माझा कुठे आहे?

नऊ तारखेला संध्याकाळी मी मोजलं नव्हतं. नऊ तारखेला तो पाना थोरलीच्या शेपटीत, शेवटच्या कप्प्यात, माझ्या हातात होता. बाहेर काढल्याचं आठवत नाही. काढला नाही असंही आठवत नाही.

थोरलीची वही उघडून बसलो. दसऱ्यापासून अकरा उड्डाणं. त्यातली सात मनीषाची.

कुणाला बोललो नाही. जेवायच्या सुट्टीत शेपटीचा पत्रा काढून टॉर्च मारला. दिसेना. ट्रंक उलटी केली. सतरंजी झटकली. पूजेचे हार टाकले होते त्या खड्ड्यात झेंडू उपसत बसलो. चहावाले काका म्हणाले, "काय शोधताय?" म्हटलं, अंगठी. खोटं इतक्या पटकन तोंडात आलं.

उद्या सकाळी लवकर जाऊन सांगेन. आज सांगायला पाहिजे होतं, पण जीभ उचलेना. फळीवाला दत्ता.

१८ ऑक्टोबर, शनिवार

सात वाजता पोचलो. मनात एकच, ढग असू देत, वारा असू दे, काहीतरी असू दे. आभाळ धुतल्यासारखं.

मनीषा पांढरा शर्ट घालून आलेली. इंदापूरहून वडिलांचा फोन येऊन गेलेला, चादर तयार आहे म्हणून. कॅप्टन तिला नकाशा दाखवत होते. मी दोनदा जवळ गेलो आणि दोनदा परत फिरलो. खरं लिहायचं तर तीनदा.

तिनं थोरलीभोवती फेरी मारली, आत बसली, पट्टा लावला. पंखा फिरला. मग माझे पाय आपोआप चालले असं म्हणायला आवडेल. तसं नाही. मी स्वतःला शिवी दिली आणि पंख्यापुढं जाऊन दोन्ही हात डोक्यावर फुलीसारखे धरले. म्हणजे थांब, बंद कर.

इंजिन बंद झालं. कॅप्टन बाकावरून ओरडले, "क्या हुआ?"

सांगितलं. सगळं. पूजा, मोजणी, अकराचा पाना, काल दुपार. अंगठीचं खोटंही.

कॅप्टन विमानाजवळ आले. तिच्याकडून किल्ली घेतली, खिशात टाकली. मग विचारलं, "किती उड्डाणं?"

"अकरा."

"चारांत मी शेजारी होतो." एवढंच. ओरडले असते तर बरं झालं असतं.

केबलच्या पुलीत पाना अडकला तर दांडी हलत नाही. नाक वर असेल तर वरच, खाली असेल तर खालीच. हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती, तरी कॅप्टननी पोरांसमोर मला ते म्हणून दाखवायला लावलं. बरोबर केलं.

ऑफिसातून मनीषाचा आवाज ऐकू आला, फोनवर. "पप्पा, खाली या सगळे. आज नाही." मग पलीकडचं ऐकून, "नाही हो, माझं काही चुकलं नाही."

१९ ऑक्टोबर, रविवार

घरी, कन्हेरीत. आबांना सांगितलं. आबांनी पंचवीस वर्षं मेंढरं राखली, मग पाणी आलं, मग शेती. विमानाचं त्यांना काही कळत नाही, पण माझं तोंड बघून कळलं.

"किती हत्यारं?" म्हणाले.

"शेचाळीस."

"आन मोजली तवा भरली?"

"भरली."

आबा हसले. थट्टेनं नाही. "आरं, मेंढरं कधी मोजून कळत्यात व्हय? दुसऱ्याचं मेंढरू आपल्यात शिरलं की मोजणी भरती, आन आपलं लांडग्यानं न्हेल्यालं असतंय. आमी कधी मोजत न्हवतो. त्वांडं बघत हुतो. ही कानतुटकी आली, ही भोंडी आली, काळतोंडी कुठं हाय?"

सात-सोळाच्या पान्याचा एक कोपरा झिजलेला, दांड्यावर माझ्या हातानं कोरलेला 'द'. मी तोंड बघितलंच नाही. सावली भरली की झालं, असं मला वाटत होतं.

शोभा रागात आहे. "दोन दिस झालं आन मला आज सांगताय." तिचा राग पान्याचा नाही.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

दा.सा. काल आले, मुक्कामाला राहिले. मला म्हणाले, "तुझ्यावर विश्वास होता म्हणून मी शेपटीत डोकं घातलं नाही, नुसता टॉर्च मारला. चूक माझीही आहे." हे त्यांनी बोलायला नको होतं. आता त्यांच्याकडे बघवत नाही.

दोन दिवसांत थोरलीच्या सीटा काढल्या, मागचा पडदा काढला, पत्रे काढले. दोरीला लोहचुंबक बांधून ओढलं. सापडलं ते असं: गंजका स्क्रू, पेनचं टोपण, चार आण्याचं नाणं, कुंभारणीचं जुनं घर, झेंडूची पाकळी. पाकळी पंख्याच्या हारातली, कुठल्या फटीतून आत गेली कोण जाणे.

पाना नाही.

पण शेवटचा कप्पा. तिथं टॉर्च जात नाही, आरसा जात नाही, चुंबक केबलीलाच चिकटतं. बघायचं तर पत्र्याचे रिव्हेट कापून उघडायचं, किंवा मुंबईहून नळीचा कॅमेरा आणायचा. दा.सां.नी फोन केला. कॅमेरा दिवाळीनंतर.

हातानं चाचपलं. बोटांना काही लागत नाही. पण बोटं किती पुरतात.

२२ ऑक्टोबर, बुधवार

धाकटीवर सगळ्या पोरांची झुंबड. मनीषाची पाळी दिवसाला अर्धा तास, तीही आली तर. पुण्याहून क्लबच्या सेक्रेटरींचा फोन. "एक पाना नाही म्हणून विमान किती दिवस उभं? पाना बाहेरही पडला असेल." असेल. असेलही.

पोपटराव दुपारी आला. टोपी हातात. "दत्तूभाऊ, माज्यामुळं झालं."

"तुमच्यामुळं नाही. तुम्ही देवापुढं ठेवलात. मोजलं मी."

मी परत दिलेला अकराचा पाना त्यानं खिशातून काढला. "ह्यो ठिवा तुमी. फळी भरून टाका. कुनाला कळतंय? न्हायतर तुमच्या परीक्षेचं वाटुळं हुतंय." वाईट मनानं बोलत नव्हता. डोळे भरले होते त्याचे.

लिहायला लाज वाटते पण लिहितो. तो गेल्यावर मी पाना सावलीत अडकवून बघितला. चपखल बसला. तासभर तसाच ठेवला. तासभर फळी पूर्ण होती आणि मला खरंच बरं वाटत होतं. मग आबांची काळतोंडी आठवली. काढला. टँकरच्या टपावर नेऊन ठेवला, पोपटराव झोपला होता.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

दा.सां.नी कागद केला. सर्व भाग उघडून शोध घेतला, वस्तू मिळाली नाही, केबली दोन्ही टोकांना मोकळ्या. चाचणी उड्डाण करून विमान वापरात घ्यावं. नियमात बसतं. कागदावर खाली माझी सही, त्यावर त्यांची.

सही करताना विचारलं, "साहेब, शेवटचा कप्पा?"

"तू चाचपलास ना?"

"चाचपला."

"मग?"

सही पुरी केली.

चाचणी उद्या. इथं कॅप्टनचा एक जुना नियम आहे, ज्यानं पाना धरला त्यानं शेजारी बसायचं. आजवर मला त्या नियमाचं कौतुक होतं, फुकटात फिरायला मिळतं म्हणून.

२५ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी साडेआठ. शोभानं डबा दिला नाही, हात धरला फक्त. तिला सांगितलं नव्हतं, पण आबांनी सांगितलं असणार.

मनीषा हँगरच्या दारात. कॅप्टननी सगळं दोनदा तपासलं. दांडी पुढं, दांडी मागं, मी मागं उभा राहून शेपटी हलताना बघितली. मोकळी. अगदी मोकळी.

वर गेलो. कन्हेरी, मग कॅनॉल, मग उसाची हिरवी पट्टी, पलीकडं मोरगावच्या अंगाला नुसतं तांबडं माळरान. एरवी मी लहान पोरासारखा काचेला नाक लावतो. आज कान मागं लावून बसलो होतो. कॅप्टननी डावीकडं वळवलं, उजवीकडं वळवलं. काही नाही. मग म्हणाले, आता नाक वर घेतो. मी हेडफोन काढून मांडीवर ठेवले. इंजिनाच्या आवाजानं कान फाटायची वेळ.

नाक वर गेलं. आणि मागं, लांब, टक.

एकदाच. पत्र्यावर कुणी टिचकी मारावी तसं. की माझ्या दातावर दात आपटले? की पट्ट्याचं बक्कल? कॅप्टननी पुन्हा केलं, मी सांगितलं म्हणून. दुसऱ्या खेपेला काही नाही. तिसऱ्या खेपेला काही नाही.

उतरलो. कॅप्टन म्हणाले, "फर्स्ट क्लास. लिही, तक्रार नाही."

तक्रारवही पुढं ओढली. मनीषा समोर उभी, हातात नकाशा, घडी घालून घालून फाटायला आलेला. परीक्षक यायला सहा दिवस. उद्या गेली तर तास भरतात. मी पेन उघडलं.

लिहिलं: नाक वर घेताना शेपटीत आवाज. एकदा.

कॅप्टननी वाचलं. "तुला खात्री आहे?"

"नाही."

"मग लिहिलंस कशाला?"

"आवाज नव्हता अशी खात्री असती, तर लिहिलं नसतं."

त्यांनी वही माझ्या हातातून घेतली, मिटली आणि जीपकडे गेले. वहीत लिहिलं म्हणजे विमान उभं. हे त्यांना माहीत, मला माहीत. मनीषाला पण. ती केव्हा निघून गेली बघितलं नाही.

२६ ऑक्टोबर, रविवार

दा.सां.चा फोन, ग्रामपंचायतीत. कन्हेरीत अर्ध्या गावानं ऐकला असेल. "दत्ता, रिव्हेट कापून शेपटी उघडायची म्हणजे विमान तीन आठवडे बंद. मी परवानगी मागितली, मिळाली. मंगळवारी आठ वाजता उघडू. पण आधीच सांगतो, आत काही निघालं नाही तर सेक्रेटरी तुला ठेवणार नाहीत, आणि मी शिफारस देऊ शकणार नाही. भास होणाऱ्या माणसाची शिफारस कशी देऊ?"

"आणि निघालं तर?"

"निघालं तर अकरा उड्डाणांचा जाब द्यावा लागेल. तुला आणि मला."

म्हणजे इकडे आड तिकडे विहीर. शोभाला सांगितलं. ती भांडी घासत होती, हात थांबला नाही. "आवाज आला का न्हाय, खरं सांगा मला."

"आला असं वाटलं."

"तुमाला पायजे हुता म्हनून आला का?"

हा प्रश्न मी स्वतःला चोवीस तास विचारत होतो. तिनं सरळ विचारला.

खरं हेच की तो आत सापडावा असं मला वाटतं. नसेल तर तो कुठंच नाही, आणि मग जन्मभर प्रत्येक विमान उडताना मी मागं कान लावून बसणार.

२७ ऑक्टोबर, सोमवार

दिवाळी तोंडावर, बाजारात पाय ठेवायला जागा नाही. हँगरमध्ये शुकशुकाट. धाकटी वर होती. मी रिव्हेट कापायचं ड्रिल काढून ठेवत होतो.

दुपारी मनीषा आली. आज तिची पाळी नव्हती, इंदापूरहून मुद्दाम एसटीनं आलेली. वाटलं शिव्या द्यायला आली. तिचा हक्क आहे. परीक्षा गेलीच तिची.

ती थोरलीच्या शेपटीला हात लावून उभी राहिली. पंधरा तारखेला उभी होती तिथंच.

"दादा, तुम्हाला आवाज आला तो कसा होता?"

मी टेबलावर नखानं वाजवून दाखवला.

तिनं मान हलवली. मग म्हणाली, "मला दसऱ्याला पण आला होता. कॅप्टनसर शेजारी होते, त्यांना नाही आला. मग पंधराला एकटी होते तेव्हा दोनदा. मला वाटलं, सांगितलं तर विमान उभं राहील, माझे तास राहतील. पप्पांनी सगळ्यांना सांगितलं होतं. म्हटलं परीक्षा झाली की सांगू."

"आणि अठराला? एकटी निघाली होतीस."

"निघाले होते." तिनं शेपटीवरचा हात काढला. "तुम्ही हात वर केलेत तेव्हा मला तुमचा इतका राग आला. आणि इतकं बरं वाटलं."

सतरा तारखेला अख्खा दिवस गप्प बसलेला मी, आज तिला कोणत्या तोंडानं रागावू? पण राग आला. माझा, तिचा, सगळ्याचा. ड्रिल खाली ठेवलं आणि बाहेर जाऊन बाभळीला पाठ टेकून बसलो. थोड्या वेळानं ती पण येऊन बसली. धाकटी उतरेपर्यंत दोघं तिच्याकडं बघत होतो.

"हे वहीत लिहावं लागेल तुला," मी म्हटलं. "तारखांसकट."

"लिहिलंय. येतानाच ऑफिसात लिहून आले. कॅप्टनसर वाचत होते."

"काय म्हणाले?"

"चष्मा पुसत होते."

दोघांना ऐकू आलं म्हणजे पाना आत असेल. किंवा दोघांनाही भीती वाटत होती म्हणून आवाज आला असेल. आबांना विचारलं तर म्हणतात, "उद्या त्वांड बघ, मग बोल."

उद्या आठ वाजता. आबा येणार म्हणून हटून बसलेत, मेंढरू गावल्याशिवाय त्यांच्यात कुणी घरी जात नसे म्हणे. मनीषा पहाटेच्या गाडीनं येईल. तिनं विचारलं, मी काय करू? म्हटलं, टॉर्च धर. माझे दोन्ही हात ड्रिलवर असतील.

आत्ता फळी बघून आलो. पंचेचाळीस. सगळ्यांची तोंडं बघितली.